बादलीत काय होतं

१२ फेब्रुवारी

धाकट्या,

माझा जबडा तारेने बांधलाय. वरचे दात खालच्या दातांना. डॉक्टर म्हणाले, महिना-दीड महिना तोंड उघडायचं नाही, पातळ काय ते नळीने घ्यायचं. म्हणून लिहितोय. एरवी तुला पत्र लिहायची वेळ कधी आली असती? ओढ्याच्या वरच्या अंगाला माझं घर, खालच्या अंगाला तुझं. दारात उभं राहून हाक मारली की काम व्हायचं.

तुझी वहिनी म्हणते, "लग्न झाल्यापासून पहिल्यांदा या घरात माझं वाक्य पुरं होतंय." मी पाटीवर लिहिलं, 'होऊ दे.' ती हसली आणि आत जाऊन रडली. मला इथवर ऐकू आलं.

तू मला मारलंस. हे आधीच लिहितो, आडपडदा नको. ज्या चावीने मी रोज सांडपाण्याचा व्हॉल्व्ह फिरवतो, तो हातभर लोखंडी दांडा तू माझ्या तोंडावर घातलास. हाड मोडतं तेव्हा आवाज बाहेरून येत नाही, आतून येतो, हे मला माहीत नव्हतं. मग तू माशांची टाकी फोडलीस. काच फुटली, पाणी माझ्या अंगावरून वाहत गेलं आणि मासे फरशीवर तडफडत राहिले. पुढचं मी जमिनीवर पडून पाहिलं. संस्थेचा जमादार आणि त्याचे पहारेकरी तुझ्यावर तुटून पडले. तू निपचित झालास तरी ते थांबले नाहीत. जमादाराने तुझ्या बरगड्यांवर टाच ठेवून सगळा भार दिला. तो भार देताना त्याची जीभ दातांत होती, जोडे घालताना मुलं धरतात तशी. मी "पुरे" म्हणत होतो. तोंडातून रक्त आणि दातांचे तुकडे बाहेर आले, शब्द आला नाही.

दवाखान्यात फौजदार आला. सोबत आमच्या संशोधन संस्थेचे पर्यावरण अधिकारी. साहेब माझ्या पायाशी बसले, पांघरूण सारखं केलं. फौजदाराने विचारलं, "भावाने टाकीत बादली ओतली. बादलीत विष होतं ना?" मी मान हलवली असं म्हणतात. मी नीट शुद्धीवर नव्हतो. बादलीत काय होतं ते देव जाणे. ती बादली पहारेकऱ्यांनी धुऊन ठेवली, त्यामुळे आता तपासण्यासारखं काही उरलेलं नाही.

सरकारी संस्थेच्या पाण्यात विष कालवण्याचा गुन्हा मोठा आहे म्हणे. तो शाबीत झाला तर तू म्हातारा होऊन बाहेर येशील. माझ्या तारा निघाल्या की मॅजिस्ट्रेटपुढे मला तोंडी सांगायचं आहे. तोवर तू आत.

एक मात्र सांगतो. आमचं पाणी चांगलं आहे. प्रयोगशाळेतून येतं ते सगळं पाणी मी चुना घालून निवळतो, ते माशांच्या टाकीतून जातं आणि मगच ओढ्याला मिळतं. माझे मासे त्यात जगतात, पिल्लं घालतात. माणूस खोटं बोलेल, कागद खोटं बोलेल, माशाला खोटं बोलता येत नाही. ओढ्यावरची तुझी बदकं कशाने मेली ते मला ठाऊक नाही. माझ्या पाण्याने नाही.

तब्येतीला जप. सकाळी देवापुढे बसतो तेव्हा तुझंही नाव घेतो. ओठ हलत नाहीत, पण घेतो.

तुझा,
दादा

२६ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं उत्तर नाही. रागावला असशील असं समजून गप्प होतो. काल तुझी बायको आली.

ती दारातून थेट माझ्या खाटेशी आली. तुझी वहिनी म्हणाली, "बस गं, पाणी देते." ती म्हणाली, "तुमच्याकडचं पाणी नको, जाऊबाई." मग माझ्याकडे वळली. "भाऊजी, ते तुमचं पत्र वाचतात. मलाही वाचून दाखवलं. उत्तर का येत नाही म्हणून विचारताय ना? उजव्या हाताची दोन बोटं कापली. तिसरं वाकडं झालंय, ते राहील म्हणतात. कशाने लिहायचं? पायाने?"

मी पाटी घेतली. तिने ती माझ्या हातातून काढून भिंतीवर फेकली. फुटली.

"पाटीवर नको. बोला," ती म्हणाली, आणि माझा जबडा तिने मुठीत धरला. जिथे हाड मोडलंय नेमकं तिथे तिचा अंगठा होता. "बोला भाऊजी. बादलीत काय होतं? तुम्ही पाहिलंत. ते सांगतात, दादाने वाकून पाहिलं, मगच हात उचलला." आणि तिने दाबलं. डोळ्यांपुढे पांढरं झालं. तारा हिरड्यांत रुतल्या. तुझी वहिनी तिच्या पाठीत बुक्के मारत होती, तिच्या वेणीला धरून मागे ओढत होती, आणि ती दाबत होती. गाय विताना अडली की जसा आवाज काढते तसा आवाज माझ्या नाकातून निघत होता. मग ती एकदम सोडून खाली बसली. दोघी जावा फरशीवर बसून धापा टाकत होत्या. एकीच्या हातात केसांचा पुंजका, दुसरीच्या बोटांना माझं रक्त.

जरा वेळाने तुझी वहिनी म्हणाली, "आता तरी पाणी घेशील?"

"घेते," ती म्हणाली.

पाणी पिऊन तिने बदकांचं सांगितलं. तू मला अर्धंच सांगितलं होतंस. ती नुसती मेली नाहीत. माना पाठीवर मुडपून गोल गोल फिरत होती, चोचींतून फेस येत होता, दुपार उलटली तरी मरत नव्हती. मग तुम्ही दोघं ओट्यावर बसलात आणि एकेक उचलून माना पिरगाळल्या. "ते करत होते, मीही केल्या," ती म्हणाली. "शेवटी मनगटं सुजली. पांढऱ्या तुऱ्याची होती ना, जी माझ्या मागे मागे चुलीपर्यंत यायची, ती मांडीवर येऊन आपणच मान पुढे करून बसली. तिला दाणे हवे होते."

ती गेल्यावर तासाभराने साहेब आले. नवी टाकी बसवली, आधीपेक्षा मोठी, हे सांगायला आले होते. या भानगडीमुळे प्रदूषण मंडळाची तपासणी लागणार आहे. "फरशीवरचे पाच-सहा मासे पहारेकऱ्याने उचलून ठेवले होते, वाचलेत बरं का," ते म्हणाले. "तुमच्या घरी पाठवतो, सांभाळा. बरे झालात की तेच टाकीत सोडा. बाहेरचे आणू नका. तुमच्या हाताला गुण आहे." जाता जाता दारात थांबून म्हणाले, "बोलायला लागलात की आपण एकदा आधी भेटू. काय बोलायचं ते नीट ठरवू."

आम्ही गावच्या शाळेत शिकलेली माणसं, साहेब पांघरूण सारखं करतात तेव्हा आम्हाला भरून येतं. काल भरून आलं नाही. 'बाहेरचे आणू नका' हे ते मला का सांगत होते, याचा विचार करत बसलो.

दादा

११ मार्च

धाकट्या,

आधीची दोन पत्रं टपालाने पाठवली. ती तुझ्या हाती येण्याआधी तिथला शिपाई वाचतो, आणि शिपायाला वाचता येईल एवढंच मी त्यात लिहिलं. हे तुझ्या बायकोच्या हाती देतोय. ती पदरात लपवून आणेल. वाचून फाडलंस तरी चालेल, ठेवलंस तरी चालेल.

बादलीत मासे होते. मी पाहिले.

वरच्या तळ्यातले, बोटभर लांबीचे, लहानपणी आपण वडिलांच्या धोतरात धरायचो तेच. तू म्हणालास, "दादा, तुझे मासे राहू दे. हे माझे. यांना विचार पाणी कसं आहे." मी वाकून पाहिलं. ते बादलीत वरखाली करत होते. आणि त्या घटकेला मला कळलं की हे मरणार आणि माझे जगणार. कसं कळलं ते सांगतो, ऐक.

नियम असा आहे की दर तिमाहीला दुसऱ्या स्वच्छ पाण्यातले मासे आणायचे, आमच्या पाण्यात चार दिवस ठेवायचे आणि बहुतेक सगळे जगले तर पाणी पास. सुरुवातीला मी तळ्यातले आणायचो. बरेच मरायचे. साहेब म्हणायचे, प्रवासात दमले असतील. मेलेले हाताने काढायचो आणि त्याच हातांनी दुसऱ्या दिवशी देवापुढे दिवा लावायचो. मला ते सहन होईना. मग मी जे जगले त्यांना टाकीतच ठेवलं. त्यांना पिल्लं झाली. पुढच्या तिमाहीला तीच मोजली. नवे जीव आणून कशाला मारायचे? मला ते पुण्य वाटलं. पिल्लांतलीही काही मेली, जी राहिली त्यांना पुन्हा पिल्लं. असं करत करत टाकीत मरणारा मासाच उरला नाही. साहेब येऊन बघायचे, "सगळे जिवंत? शाब्बास." मी देवाचे आभार मानायचो.

दुबळे सगळे मरून गेले होते आणि उरले ते त्या पाण्याचे झाले होते. माशाला खोटं बोलता येत नाही, असं मी तुला मोठ्या तोंडाने लिहिलं. त्याच्याकडून खोटं वदवून घेता येतं, हे लिहिलं नाही. तोवर ते मला शब्दांत आलंही नव्हतं.

तू बादली टाकीच्या काठावर टेकवलीस. उजवा हात काठावर, लोखंडी चौकटीला लागून. मी चावी उचलली. तुला अडवायला उचलली असं मला म्हणता आलं असतं. अडवायला हात पुरला असता. मी दांडा डोक्याच्या वरपर्यंत नेला आणि तुझ्या बोटांवर आणला, घणाने खिळा बसवतात तसा. बोटं चौकटीवर चेचली. एक तर कातड्याला लोंबत होतं. तू ओरडलाही नाहीस, नुसतं माझ्याकडे पाहिलंस. बादली कलंडून मासे टाकीत गेलेच. मी दुसऱ्यांदा दांडा उचलला. हेही लिहितो. दुसऱ्यांदा मी तुझ्या हातावर नेम धरलेला नव्हता, डोक्यावर धरला होता. तू डाव्या हाताने तो हिसकलास आणि मला मारलंस. तुला माझं डोकं फोडता आलं असतं. तू जबड्यावर मारलंस. हे मला बिछान्यात पडल्या पडल्या फार उशिरा सुचलं.

मग तू टाकी का फोडलीस ते मात्र मला आजही कळत नाही. तुझाच पुरावा तू फोडलास. रागाला डोळे नसतात, आपली आई म्हणायची.

फौजदाराने विचारलं तेव्हा मी पूर्ण शुद्धीवर होतो.

परवा मी घरीच करून पाहिलं. सांडपाण्याच्या तोंडावर जाऊन डबा भरून आणला. पहारेकऱ्याला वाटलं, मी कामावर रुजू होतोय. तुझ्या वहिनीने तळ्यावर जाऊन चाळणीत थोडे मासे धरले. मोठ्या घमेल्यात ते पाणी ओतलं, त्यात साहेबांनी पाठवलेले माझे मासे सोडले आणि मग नवे.

आधी काही झालं नाही. तुझी वहिनी म्हणाली, "बघा, उगीच..." आणि थांबली. एक मासा पाण्याबाहेर उडाला आणि घमेल्याच्या कडेवर आपटला. परत पडला, परत उडाला. मग सगळेच. स्वतःभोवती गिरक्या घेत, पत्र्याला डोकी आपटत होते, टप टप आवाज येत होता. कल्ल्यांतून रक्ताचे दोरे निघाले. एक मासा तोंड एवढं उघडून राहिला की त्याचा जबडा तसाच अडकला. मी माझ्या जबड्याला हात लावून बसलो होतो. माझे मासे खाली शांत फिरत होते. वरचे उलटे झाले तसे ते वर आले आणि त्यांचे डोळे टोचून खाऊ लागले. मी इतकी वर्षं त्यांना हाताने खायला घातलं होतं.

तुझ्या वहिनीने घमेलं उचलून परसात उपडं केलं. जे अजून हलत होते त्यांना वहाणेने चिरडलं. माझेही चिरडले. मी अडवलं नाही. मग तिने वहाण पुसली आणि म्हणाली, "कोर्टात काय बोलणार आहात?"

पाटी फुटलेली होती.

"मान हलवू नका म्हणजे झालं," ती म्हणाली.

धाकट्या, मला भीती वाटते. खरं सांगितलं तर मी आत जाईन, नोकरी जाईल, संस्थेचं घर जाईल. हे लिहायला लाज वाटते, पण वाटते ते लिहितो. अजून माझं ठरलेलं नाही.

दादा

२ एप्रिल

धाकट्या,

तुझ्या वकिलाने तुला सगळं सांगितलं असेल. तरी माझ्या हातचं वाच.

सोमवारी तारा काढल्या. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस बोलू नका. मी बोललो नाही. तुझी वहिनी आडून आडून विचारत राहिली, तरी नाही. साहेबांचा निरोप आला, घरी येऊन जा. गेलो नाही. पहिला शब्द कुठे खर्च करायचा ते ठरवलं होतं. सकाळी देवापुढे बसलो तेव्हा काही मागितलं नाही. इतक्या वर्षांत असं प्रथमच झालं.

कोर्टात तू पिंजऱ्यात उभा होतास. हाताचं बँडेज मळलं होतं. माझ्याकडे पाहिलं नाहीस. बरं केलंस, पाहिलं असतंस तर मला रडू आलं असतं आणि जबडा अजून रडायला तयार नाही.

सरकारी वकिलाने विचारलं, "आरोपीच्या बादलीत काय होतं?"

"मासे."

मीच दचकलो. माझा आवाज मला दुसऱ्याचा वाटला.

"मोठ्याने बोला."

"मासे होते. तळ्यातले. जिवंत."

"दवाखान्यात तर तुम्ही विष म्हणून मान हलवलीत."

"हलवली. खोटी हलवली."

सरकारी वकील आमच्या साहेबांकडे पाहू लागला. साहेब छताकडे. मॅजिस्ट्रेट बाई म्हणाल्या, "तुम्ही काय सांगताय ते तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय बाई. सावकाश बोलतोय ते जबड्यामुळे." मागे कोणीतरी हसलं. "आधी मी मारलं. त्याची बोटं मी मोडली. दुसऱ्यांदा मी लोखंडी दांडा त्याच्या डोक्यावर उगारला होता. त्याने हिसकला नसता तर आज त्या पिंजऱ्यात मी उभा असतो आणि तो जगात नसता."

मग टाकीचं सगळं सांगितलं. बाईंनी मध्ये थांबवून विचारलं, "म्हणजे तुम्ही मासेच तसे तयार केलेत?" मी हो म्हणालो. त्यांनी पेन खाली ठेवलं. तेव्हा तू वर पाहिलंस.

बाहेर सायकल काढत होतो तर जमादार भिंतीशी उभा. सोबत दोघे. "तोंड उघडलंस ना?" तो म्हणाला. "चल, बंद करून देतो." एकाने मागून हात धरले. त्याने आधी पोटात मारलं, मी वाकलो, मग गुडघा वर आणला. नेमका तिथेच. आतून तोच आवाज आला, ओळखीचा. मी खाली पडल्यावर तो माझ्या उजव्या हातावर उभा राहिला आणि विचार करत राहिला. टाच फिरवावी की नाही. रस्त्याने दोन बाया येत होत्या, त्या ओरडल्या, म्हणून हात वाचला. त्याच हाताने हे लिहितोय.

तर जबडा पुन्हा तारेत आहे. डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला माझ्याकडे यायची आवडच दिसते." पण बोलायचं ते बोलून झालं होतं. जमादार थोडा उशिरा आला.

मला कामावरून काढलं. माझ्यावर दोन खटले होतील, एक तुझ्या बोटांचा आणि एक खोट्या साक्षीचा. बोटांचा तू मागे घेऊ नकोस. लोक भरीला घालतील, भाऊ आहे, घरातलं घरात मिटवा म्हणतील. मिटवू नकोस. संस्थेचं घर महिनाअखेर सोडायचं आहे. तुझी बायको परवा येऊन गेली. म्हणाली, बदकं असायची तो गोठा रिकामाच आहे, झाडून देते. तुझी वहिनी म्हणाली, "माझे केस उपटायचे नाहीत, या अटीवर येईन." दोघी हसल्या. मला हसता येत नाही, दुखतं.

आता कामाचं. प्रदूषण मंडळाच्या अधिकारी बाई माझा जबाब वाचून काल घरी आल्या होत्या. येत्या शुक्रवारी तपासणी. टाकीत संस्थेचे मासे चालणार नाहीत, बाहेरचेच हवेत, आणि ते तक्रारदाराने स्वतः धरून आणायचे, असं त्यांनी लेखी दिलंय. तक्रारदार म्हणजे तू, बदकं तुझी मेली. विषाचं कलम काढल्यामुळे तू बुधवारी सुटशील. टाकी फोडली, मला मारलं, त्याची तारीख नंतर लागेल.

सुटल्यावर पोलिसांकडून तुझी बादली मागून घे. ती तुझी आहे, ठेवून घ्यायचा त्यांना हक्क नाही. तिथून सरळ तळ्यावर ये. मी थांबतो. तुला एका हाताने धरता येणार नाहीत. दुसरं टोक मी धरीन, धोतर मी आणतो.

मोजके धर. शुक्रवारी ते मरतील आणि ते मरताना लागेल तेवढा वेळ मी टाकीशी उभा राहणार आहे.

दादा